रजनीनं ठेवलेलं नाव

जैनाबादच्या कडूला त्याच्या बापानं पंचेचाळीस वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही. 'ए' म्हणायचा. फारच लांब असला तर 'अरे ए'. बैलाला सर्ज्या म्हणायचा, कुत्र्याला मोत्या म्हणायचा आणि पोटच्या पोराला 'ए'. बापाचं नाव लीलाधर. गावात त्याला नाना म्हणत, मान होता, तापीकाठी सहा एकर केळी होती. असेना का! ह्या गोष्टीत त्याला अहो-जाहो मिळणार नाही. ज्याला कुणी तरी मायेनं हाक मारायला हवी होती त्याला ती मिळाली नाही, मग ह्याचेच लाड कशाला?

कडू हे नाव बाकी सगळ्या गावाच्या तोंडात होतं. हळदीच्या मांडवात हा पुढं झाला की एखादी म्हातारी हसत हसत म्हणायची, "कडू, तू जरा मागं राय बापा, आधी गोडधोड होऊ दे." केळीची नवी लागवड असली की दीड हजार खड्डे कडू खणणार आणि पहिला कंद लावायला बुऱ्हाणपुराहून त्याचा धाकटा सावत्र भाऊ तुषार गाडीतून येणार. पांढऱ्या शर्टाला माती लागू नये म्हणून दोन बोटांनी कंद धरायचा, सोडायचा, फोटो काढायचा आणि जायचा. कडूच्या शर्टाला केळीच्या चिकाचे काळे डाग इतके होते की मूळचा रंग कुणाला सांगता आला नसता. कापणीच्या टोळीत तो घड वाहायचा. वर्षानुवर्षं उजव्या खांद्यावर घड घेऊन तिथं लिंबाएवढी गाठ झाली होती. लग्न झालं नव्हतं. दोन ठिकाणं चालून आली होती, पण बोलणी करायला बाप जागचा उठावा लागतो. लीलाधर उठला नाही, आणि विषय तिथंच मिटला.

तरी कडूला आपल्या नावाचा राग नव्हता. उलट मनातल्या मनात अभिमान होता, आणि त्याला कारण त्याची आजी धुरपदाबाई. लहानपणी शाळेतून रडत आला की आजी त्याला मांडीवर घ्यायची आणि सांगायची, "तुझी माय गेली तवा तू मुठीएवढा होता. मरणाले आपल्या घराची चटक लागली होती. मंग म्या तुझं नाव कडू ठेवलं. कडू घास कोणी गिळत नाही. मरणबी थुंकून टाकते. म्हणून तू जगला, समजलं?"

ह्या भागात ही रीतच होती. कुणी दगडू, कुणी केरू, कुणी उकिरडा. जे पोर जगावं असं वाटतं त्यालाच वाईट नाव. कडूनं ही गोष्ट गाठीला बांधून ठेवली होती. कुणी हसलं की तो मनात म्हणायचा, हसा लेको, माझ्या आजीनं माझ्यासाठी मरणाला फसवलंय, तुमच्यासाठी कुणी काय केलंय? आजी जाऊन वीस वर्षं झाली, पण ह्या एका गोष्टीवर गडी तगून होता.

आई रजनी. तिचा फोटो घरात नव्हता. बाळंतपणात गेली, आणि दोन वर्षांत लीलाधरनं वैजयंती आणली. मग रिवाजाप्रमाणे वैजयंतीच्या गळ्यात सवत आली. सवत म्हणजे चांदीचा छोटा टाक, चिंचोक्याएवढा, त्यावर मेलेल्या पहिल्या बायकोची आकृती कोरलेली. दुसरीनं तो गळ्यात घालायचा, सणावाराला पहिला नैवेद्य त्याला दाखवायचा, म्हणजे गेलेली बाई शांत राहते, नवीच्या संसाराला आड येत नाही. कडूची आई ती एवढीच. दोन ठिपक्यांचे डोळे आणि एक रेघ म्हणजे साडीचा पदर.

वैजयंती भाकरी वाढायला वाकली की सवत चोळीतून बाहेर यायची आणि झोके घ्यायची. कडू टक लावून पाहायचा. "काय पाहतो रे डोळे फाडून?" म्हणत ती टाक आत सारायची. म्हणून कडू पोट भरलं तरी आणखी अर्धी भाकरी मागायचा. ती परत वाकायची, टाक परत बाहेर यायचा. घरात त्याचं नाव खादाड पडलं. कडू तिला मावशी म्हणायचा. ती पाहुण्यांना सांगायची, "ह्याचं पोट आहे का पेव?" आणि पाहुणे हसायचे. कडूही हसायचा. काय सांगणार होता तो?

गेल्या पौषात लीलाधर पंपाजवळ पडला. लकवा. उजवं अंग गेलं, जिभेची गाठ झाली. तुषार इंदुरातून मोठा डॉक्टर घेऊन आला, आठ दिवस धावपळ केली, मग त्याला दुकानाची आठवण झाली. बुऱ्हाणपुरात त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान, नव्या कॉलनीत घर, बायको पल्लवी. दर रविवारी तो यायचा, बापाच्या उशाशी दहा मिनिटं बसायचा आणि जाताना म्हणायचा, "कडू, ध्यान रखना हं." सख्ख्या बापाचा थोरला मुलगा, पण दादा म्हणायची त्याची जीभ कधी वळली नाही.

सगळं कडूकडं आलं. उचलणं, धुणं, पुसणं, कूस बदलणं, चमच्यानं दलिया भरवणं. लीलाधरचा उजवा हात उशीवर ठेवला तिथंच पडून राहायचा, आणि जेवताना, तोंड पुसताना, माशी हाकलताना कडूचाच हात पुढं व्हायचा. आभार नव्हतेच, पण 'ए' चालूच होता. जिभेची गाठ झाली तरी 'ए' स्पष्ट यायचा.

डॉक्टरनं इंजेक्शनांचा कोर्स लिहून दिला. बुऱ्हाणपुराहून तापीचा पूल ओलांडून रोज जैनाबादला यायला कुणी तयार होईना. तेव्हा कुणीतरी शहरात राजपुऱ्यात राहणाऱ्या कमल सिस्टरचं नाव सांगितलं. सत्तरीची बाई, नगरकडची, ख्रिस्ती. बुऱ्हाणपुरात एक छोटा दवाखाना होता, आता तिथं गोदाम आहे, तिथं तिनं हयात काढली. कडू तिला रोज मोटारसायकलवरून आणायचा आणि सोडायचा.

पहिल्याच दिवशी लीलाधरनं तिला पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. सिस्टरनं सुई टोचली, कापूस दाबला. कडूनं परत घरी सोडल्यावर ती म्हणाली, "ये आत, चहा घे. नाव काय म्हणालास तुझं?"

"कडू."

"हे काय नाव झालं?"

कडूनं हौसेनं आजीची गोष्ट सांगितली. मरण, कडू घास, थुंकून टाकणं, सगळं. सिस्टर ऐकत होती. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"जन्म कधीचा?"

"एकोणऐंशीचा. गणपती बुडवले, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा."

"रजनीचा," सिस्टर म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच.

आईचं नाव कडूनं परक्या तोंडून कितीतरी वर्षांनी ऐकलं. घरात ते कुणी घेत नसे, सवत म्हणत. सिस्टर उठली आणि भिंतीवरचा एक फोटो काढून त्याच्यासमोर धरला. टाय लावलेला चाळिशीचा माणूस होता.

"हा माझा मुलगा. नाशिकला असतो. ह्याचं नाव बन्यामीन. तुझ्यानंतर दोन वर्षांनी झाला. तुझ्या आईचं बाळंतपण डोळ्यांपुढून जात नव्हतं, म्हणून मी हे नाव ठेवलं. कुठलं नाव आहे ठाऊक आहे? इब्री, म्हणजे ज्यू लोकांच्या भाषेतलं. फार जुनं."

मग तिनं सांगितलं. त्यांच्या शास्त्रात याकोब नावाचा एक माणूस आहे. राहेल त्याची जिवाची बायको. तिच्यासाठी त्यानं सासऱ्याच्या घरी चौदा वर्षं राबून काढली. प्रवासात, वाटेवरच ती बाळंत झाली आणि गेली. जीव जाता जाता तिनं लेकराचं नाव ठेवलं बेनओनी. बेन म्हणजे मुलगा, ओनी म्हणजे माझं दुःख. माझ्या दुःखाचा मुलगा.

"आणि?" कडू म्हणाला.

"आणि बापानं ते नाव राहू दिलं नाही. बायकोचं प्रेत पुढ्यात, पण म्हणाला, हा बन्यामीन. उजव्या हाताचा मुलगा. उजवा हात म्हणजे बळाचा हात, मानाचा हात. त्याला बारा मुलगे होते, बरं का. अकरांची नावं आयांनी ठेवली. बापानं स्वतः नाव ठेवलं ते ह्या एकाचं. आमच्यात म्हणतात, लेकरानं जन्मभर आपल्या आईचं मरण नावात वाहून नेऊ नये, म्हणून बापानं ते उचलून घेतलं. पुढं त्याचा वंश सगळ्यांत लहान, पण त्यांचा पहिला राजा त्याच वंशातला निघाला. आणि त्याला आशीर्वाद आहे, की देव त्याच्या दोन खांद्यांच्या मधे राहील."

कडूचा हात आपोआप खांद्यावरच्या गाठीकडं गेला.

सिस्टरनं फोटो परत खिळ्याला लावला. मग त्याच्याकडं पाठ ठेवूनच म्हणाली, "तुझ्या घरी उलटं झालं रे बाबा. तुझ्या आईला फार उशिरा आणलं होतं. रक्त थांबेना. पण शुद्ध होती. मी तुला तिच्याजवळ धरलं तर हसली. आणि तिनं तुझं नाव ठेवलं. मला म्हणाली, सिस्टर, ह्याच्या बाबांना सांगा, हेच ठेवा म्हणावं. मी व्हरांड्यात जाऊन तुझ्या वडिलांना सांगितलं. तुझी आजी तिथंच होती."

"काय नाव?"

"तेच आठवत नाही. हजारभर बाळंतपणं केली मी, नाव कसं ध्यानात राहील? चांगलं होतं, नव्या पद्धतीचं. कडू नव्हतं एवढं शपथेवर सांगते. कुठली आई हातातल्या लेकराला कडू म्हणेल?"

कडू मोटारसायकल घेऊन निघाला तो पुलावर येऊन थांबला. खाली तापीत म्हशी डुंबत होत्या. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, घड वाहणारा, पण ढसाढसा रडला. रडत रडत त्याला आनंदही होत होता. आपल्याला नाव होतं! कुणीतरी आपल्याला पाहून हसलं होतं आणि नाव ठेवलं होतं. ते नाव जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस अजून जिवंत होता.

त्या दिवसापासून कडूला दुसरं काही सुचेना. नाव बदलून मिरवायचं नव्हतं त्याला. कागद बदलायचे नव्हते. एकदा, फक्त एकदा, बापाच्या तोंडून ते नाव ऐकायचं होतं. आणि वेळ फार नव्हता. डॉक्टरनं सांगितलं होतं, दुसरा झटका आला की वाचा जाईल. शब्द गळायलाही लागले होते. आधी गावांची नावं गेली, मग वारांची, मग भांड्यांची. होळीनंतर लीलाधरच्या जिभेवर जेमतेम पाच-सहा शब्द उरले.

कडूनं दाढी करता करता विचारलं, "नाना, मायनं माझं नाव काय ठेवलं होतं?" लीलाधरनं डोळे मिटले. डोळे मिटलेल्या माणसाच्या गालावरून वस्तरा फिरवत कडू म्हणाला, "माहीत आहे मले. सिस्टरनं सांगितलं. राग नाही माझा. सांगा फक्त." डोळे उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दलिया भरवताना त्यानं याकोबाची गोष्ट सांगितली. आपल्या भाषेत सांगितली, वाटेत मेलेली बायको, मुठीएवढं पोर, सगळं. "तो बाप म्हणाला, हे दुःखबिख काही नाही, हा माझा उजवा हात आहे. नाना, तुमचा उजवा हात आता कोण आहे, पाहा बरं?" लीलाधरनं तोंडातला दलिया थुंकला. कडूच्या मनगटावर, शर्टावर उडाला. कडूनं तो पुसला आणि पुढचा चमचा भरला. तुम्हीआम्ही वाटी डोक्यावर पालथी घातली असती.

रविवारी तुषार आला तेव्हा कडूनं त्यालाही विचारलं, ओसरीवर, पल्लवीदेखत. "तुषार, तुले काही माहीत आहे का रे? माझं खरं नाव?"

तुषार पल्लवीकडं बघायला लागला. पल्लवी मोबाइलकडं बघायला लागली. मग तुषार हसला. "क्या यार कडू! अब इस उमर में नाव घेऊन काय करतो? आधार बदलावं लागंल, बँक, राशन कार्ड, सब चक्कर. छोड ना." आणि नेहमी चहासाठी थांबणारा माणूस तो न घेताच निघाला. गाडीपर्यंत जाताना त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही.

कडू भोळा होता, पण बावळट नव्हता. ह्यांना ठाऊक आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला एकट्याला नाही. तो तसाच स्वयंपाकघरात गेला. वैजयंती तांदूळ निवडत बसली होती. सत्तरीला टेकलेली, गळ्यात तीच सवत, झिजून डोळे-पदर पुसट झालेली. कडू तिच्यापुढं बसला आणि म्हणाला, "मावशी, आज मी उठणार नाही. सांग."

"काय सांगू?"

"माझ्या मायनं ठेवलेलं नाव."

वैजयंतीनं सवत आत सारली. सवयच होती. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं ती परत बाहेर काढली आणि मुठीत धरून बसली.

"माझी तीन गेली," ती म्हणाली. "दोन पोटात, एक हातात. तू घरभर पळायचा, खायचा, अन् माझी मरायची. मंग चांदनी गावचा भगत आणला. त्यानं ही हातात घेतली अन् म्हणाला, हिची एक गोष्ट ह्या घरात अडकून राह्यली. हिनं नाव ठेवलं होतं, ते कोणी घेतलं नाही. त्या नावानं ह्या घरात हाका पडल्या पाहिजे, मंग ही सोडंल. तुझ्या बापानं मान खाली घातली. त्याले माहीत होतं. पुढचं पोर झालं, त्याले ते नाव दिलं. अन् ते जगलं."

तांदळातला एक खडा तिनं उचलून बाजूला टाकला.

"तुषार," कडू म्हणाला.

"हाव."

मग कडू म्हणाला, "पण मी होतो ना, मावशी. मी घरातच होतो. मले मारली असती ती हाक."

"मी म्हटलं होतं." वैजयंती एकदम चिडून म्हणाली, जणू कडूनंच तिच्यावर आळ घेतला होता. "म्हटलं होतं मी, थोरल्याचं नाव बदलून टाका. तुझा बाप म्हणाला, त्याले नाही. त्यानं तिले खाल्लं, तिचं नाव त्याले नाही मिळणार. मी काय करू? माझं पोर जगवू का तुझं नाव पाहू? अन् ते कडूबी म्हातारीनं नाही ठेवलं. तुझ्या बापानंच ठेवलं, दवाखान्यात, उभ्या उभ्या. म्हातारीनं तुले गोष्ट करून सांगितली, तू रडत होता म्हणून."

एवढं बोलून ती परत तांदळाला लागली. सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि भात टाकायचा होता.

त्या दिवशी कडू केळीत गेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. वाळलेली पानं कापत राहिला. कापता कापता त्याला काय काय आठवत होतं! पाच वर्षांचा असताना पाळणा त्यानंच हलवला होता. बारशाला नाव ऐकून त्यालाच सगळ्यांत जास्त आनंद झाला होता, किती छान नाव म्हणून तो गल्लीभर सांगत सुटला होता. जेवायला बोलवायचं काम त्याच्याकडं असायचं. बांधावर उभा राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून तो ओरडायचा, "तुषाऽऽर! ओ तुषाऽऽर!" आईनं मरता मरता त्याच्यासाठी ठेवलेलं नाव त्यानं स्वतःच गावभर, रानभर, नदीकाठी हाका मारून वापरलं होतं, आणि दर वेळी दुसराच कुणीतरी ओ देत पळत आला होता.

आणि आजी! मरणाला फसवलं म्हणाली. फसवलं तिनं कडूला, आणि तेही मायेनं. ज्या गोष्टीच्या जिवावर तो आजवर हसत आला ती त्या बिचारीनं रडणाऱ्या पोराचं तोंड बंद करायला रचली होती. एक बाप बायकोच्या प्रेतापुढं उभा राहून लेकराचं दुःख पुसतो. दुसरा तसाच उभा राहतो, निरोप ऐकतो, आणि लेकराला कडू म्हणतो. कडूला बापाची पहिल्यांदा चीड आली. अशी चीड, की हातातला कोयता त्यानं खोडात मारला आणि तो तिथंच रुतून बसला.

चार दिवसांनी लीलाधरला दुसरा झटका आला, हलका. जीव राहिला. डॉक्टर म्हणाला, आता आठवडा म्हणा, पंधरा दिवस म्हणा. जिभेवर तीन शब्द उरले होते. 'ए', 'पाणी' आणि 'तुषार'.

शुक्रवारी दुपारी वैजयंती शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. बाहेर ऊन रणरणत होतं, पंखा गरगरत होता. कडू खाटेजवळ बसून बापाच्या पायांना तेल चोळत होता. लीलाधरनं डोळे उघडले आणि हाक मारली, "तुषार."

कडूचे हात थांबले. इतके दिवस त्यानं ह्या क्षणाची मनात तयारी केली होती. तो पुढं सरकला, बापाच्या तोंडावर वाकला आणि म्हणाला, "ओ, नाना."

लीलाधरनं त्याच्याकडं पाहिलं. मग नजर दाराकडं नेली, परत आणली. मान हलवली, नाही म्हणून. "तुषार," पुन्हा म्हणाला, दाराकडं पाहत.

"मीच तो, नाना. मायनं ठेवलेला. मावशीनं सांगितलं मले सगळं." "त्याले नका बोलवू. माझ्याकडं पाहून म्हणा. एक डाव म्हणा. मंग मी कधी काही मागणार नाही."

लीलाधर पाहत राहिला. त्याचे ओठ कोरडे पडले होते, कातडं सुटलं होतं. "पाणी," तो म्हणाला.

कडूनं भांडं उचललं, चमचा भरला आणि बापाच्या ओठांपासून वीतभर अलीकडं धरला. असं त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं. पाणी चादरीवर सांडत होतं.

"आधी नाव."

"पाणी."

"नाव घ्या, नाना. तुमच्या जिभेवर आहे ते. आता तर घेतलं. फक्त माझ्याकडं पाहून घ्या."

लीलाधरची जीभ ओठांवरून फिरली. पाण्याकडं त्याचे डोळे लागले होते. मग त्यानं ते चमच्यावरून काढले आणि कडूच्या चेहऱ्यावर आणले. सरळ, थेट. असं सरळ त्यानं पोराकडं बहुधा कधी पाहिलंच नसेल. त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंड एका बाजूला वाकडं झालं, काहीतरी बाहेर यायला धडपडू लागलं. तीन शब्दांपलीकडचं काहीतरी. लाळ गळली, घशात घरघर झाली, आणि मग शब्द आला. अगदी स्वच्छ आला.

"कडू," लीलाधर म्हणाला.

पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. एवढा आटापिटा करून, मरणाच्या दारातून तो माणूस एवढं एक नाव शोधून घेऊन आला.

आणि कडूचं तोंड त्याच्या नकळत उघडलं. जन्मभराची सवय. "ओ," तो म्हणाला.

मग त्यानं चमचा बापाच्या ओठांना लावला. लीलाधर पाणी प्यायला, आणखी दोन चमचे प्यायला, आणि तोंड दाराकडं करून पडून राहिला. कडूनं त्याची हनुवटी पुसली आणि ओली झालेली चादर बदलायला घेतली.